पैसे वसूल

दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीतला एक मुलगा मोबाइल घेऊन घरी आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर असेंबल करून घ्यायचाय, आणि आमच्या इमारतीत असला सल्ला फुकट मिळण्याचं ठिकाण म्हणजे मी. पडद्यावर लाल-निळ्या आडव्या पट्ट्या, सगळ्यात वर एका नव्या प्रोसेसरचं नाव. "काका, हा पैसे वसूल आहे का?"

"कोणाचे पैसे?" मी विचारलं.

"बाबांचे," तो म्हणाला.

आम्ही दोघंही विनोद करत नव्हतो. किंबहुना त्याचं उत्तर त्या पट्ट्यांपेक्षा जास्त उपयोगाचं होतं.

वसूल हा कचेरीतला शब्द. सारा वसूल होतो, भाडं वसूल होतं, सोसायटीची थकबाकी वसूल होते (निदान अहवालात तरी). वसुली म्हटली की येणं किती, ते कशातून यायचं आणि किती मुदतीत, हे सांगावंच लागतं. प्रोसेसरचे पैसे आज गेले. ते पुढची काही वर्षं कामातून, वाचलेल्या वेळातून किंवा खेळण्याच्या आनंदातून थोडेथोडे परत यायचे असतात. परीक्षणांमध्ये यातलं काही नसतं. त्यांना दोनच आकडे माहीत असतात: बाजारात उतरण्याच्या दिवशीचा भाव आणि त्या दिवशी मोजलेला वेग. वेगाला भावाने भागायचं, ज्याचं उत्तर मोठं तो पैसे वसूल. हा भागाकार मला पटत नाही. त्याचा छेद चुकीचा असतो, आणि अंश बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाचा तरी असतो.

आधी छेद पाहू. आकडे सोयीसाठी घेतो. एक प्रोसेसर आठ हजारांचा, चाचणीत त्याला १०० गुण. दुसरा वीस हजारांचा, त्याला १५० गुण. पहिला हजार रुपयांमागे साडेबारा गुण देतो, दुसरा साडेसात. पहिला स्वस्त आणि मस्त, दुसरा उधळपट्टी. कुठल्याही तक्त्यात असंच दिसेल. पण नुसता प्रोसेसर घरी आणून टेबलावर ठेवला तर तो पेपरवेट म्हणूनही हलका पडतो. त्याला बोर्ड लागतो, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर, जमलं तर ग्राफिक्स कार्ड. या सगळ्याचे पन्नास हजार धरा. आता पहिलं मशीन अठ्ठावन्न हजारांना पडलं आणि हजारामागे जेमतेम पावणेदोन गुण मिळाले. दुसरं सत्तर हजारांना पडलं आणि दोनपेक्षा जास्त मिळाले. आकडे तेच, क्रम उलटा. नवं मशीन बांधणाऱ्याच्या बाबतीत स्वस्तातला स्वस्त प्रोसेसर बहुतेकदा महागात पडतो, तो असा.

आणि ज्याच्याकडे मशीन आधीच आहे, त्याचा हिशोब तिसराच. समजा त्याचा जुना प्रोसेसर १२० गुणांचा आहे. वीस हजार देऊन त्याला दीडशे गुण मिळत नाहीत, तीस मिळतात. दीडशेतले एकशेवीस त्याने मागेच विकत घेतलेले आहेत. म्हणजे एकच वस्तू, एकच भाव, एकच तक्ता, आणि दोन गिऱ्हाइकांना दोन उलटी उत्तरं. "हा पैसे वसूल आहे का" या प्रश्नात "हा" वर बोट ठेवून चालत नाही, ते यासाठी.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, कोटेशन लिहून घेताना मला हमखास आठवते. सप्टेंबर २०२२मध्ये एएमडीने रायझन ७००० मालिका आणली. सहा कोअरच्या, म्हणजे सहा हातांच्या, ७६००एक्सची किंमत २९९ डॉलर, म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या ५६००एक्सइतकीच. कागदावर चांगलंच. पण हा प्रोसेसर नव्या एएम५ सॉकेटवर बसायचा, त्याला नवा बोर्ड लागायचा, आणि रॅम फक्त डीडीआर५, जी तेव्हा डीडीआर४च्या मानाने बरीच महाग होती. इंटेलच्या त्या वेळच्या प्रोसेसरना डीडीआर४चे स्वस्त बोर्डही मिळत होते. भरीला डब्यात कूलर नाही. मग जानेवारी २०२३मध्ये एएमडीनेच साधा ७६०० आणला: २२९ डॉलर, डब्यात कूलर, वीज कमी, आणि वेगातला फरक घड्याळ लावल्याशिवाय कळणार नाही इतका. ज्यांनी चार महिने आधी घाई केली, त्यांनी त्या चार महिन्यांसाठी सत्तर डॉलर आणि वर कूलरचे पैसे मोजले.

विजेचा मसाला लोक विसरतात, आणि काही जण तो उगाच फार वाढवून सांगतात. इंटेलचा कोअर आय९-१४९००के पूर्ण ताकदीने चालला तर त्याची ठरलेली कमाल मर्यादा २५३ वॉट आहे. एखादा शहाणा प्रोसेसर तेच काम शंभर वॉट कमी घेऊन करत असेल आणि तुम्ही रोज चार तास तसं जड काम करत असाल, तर वर्षाला १४६ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर दीड हजाराच्या आत. बिलासाठी रडण्याइतकं हे मोठं नाही. पण तो शंभर वॉट उष्णता होऊन खोलीतच राहतो. एप्रिलमध्ये नागपुरात, एसी नसलेल्या खोलीत बसून हे वाचणाऱ्याला यापुढचं समजावून सांगायला नको.

आता अंश. वेग कोणी, कशावर मोजला?

माझ्या ओळखीचे एक डीटीपीवाले आहेत. लग्नपत्रिका, श्रद्धांजलीचे फलक, शाळांचे अहवाल, निवडणूक लागली की हँडबिलं. २०१७ साली त्यांनी सातव्या पिढीचा आय३ असलेलं मशीन घेतलं होतं. दोन वर्षांत ते इतकं मंदावलं की कोरलची फाइल उघडायला टाकून ते चहा सांगायचे. दुकानदाराने त्यांना सल्ला दिला, आय७ घ्या. ते मला विचारायला आले तेव्हा मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसलो, टास्क मॅनेजर उघडला आणि त्यांना म्हटलं, तुमची ती वीस पानांची फाइल उघडा. पडद्यावर प्रोसेसरचा आकडा पंधरा टक्क्यांच्या आसपास डुलक्या घेत होता. डिस्कचा आकडा शंभरवर जाऊन चिकटला होता आणि कॅबिनेटमधून हार्ड डिस्कचा कुरकुर आवाज येत होता. प्रोसेसर बिचारा हात बांधून उभा होता. माल गोदामातूनच येत नव्हता. अडीच हजारांची एसएसडी बसवली. त्यानंतर चहा आणि फाइल यांत फाइल आधी यायला लागली.

त्या दिवशी आय७ घेतला असता तर चाचण्यांच्या हिशोबाने तो दुप्पट वेगवान होता. खोटं त्यात काही नव्हतं. फक्त वेग वाढला असता तो उभं राहण्याचा.

जीन आम्दाल या संगणक अभियंत्याने १९६७मध्ये मांडलेला एक नियम याच जातीचा आहे. कामाचा जेवढा भाग वाटून करता येतो तेवढ्यालाच जास्त हातांचा उपयोग. काम तीन चतुर्थांश वाटता येत असेल, तर तुम्ही कितीही कोअर आणा, अगदी अगणित, एकूण वेग चौपटीपलीकडे जात नाही. उरलेला पाव भाग एकालाच करावा लागतो. पंगतीत वाढपी वाढवून वाढणं पटकन होतं, भात शिजायचा तेवढा वेळ शिजतोच. सोळा कोअरचे प्रोसेसर ज्या चाचणीत उठून दिसतात ती बहुतेक त्रिमितीय चित्र रेंडर करण्याची असते, कारण ते काम जवळजवळ पूर्णच वाटता येतं. टॅली, एक्सेल, ब्राउझर आणि मराठी टायपिंग यांत दिवस जाणाऱ्याने ती पट्टी पाहणं म्हणजे ट्रकची भारक्षमता पाहून स्कूटर निवडणं.

खेळांच्या चाचण्यांबद्दल मात्र परीक्षकांवर एक आरोप सरसकट होतो, तो मला अन्यायाचा वाटतो. ते बाजारातलं सर्वांत दांडगं ग्राफिक्स कार्ड लावतात आणि चित्राची बारकाई मुद्दाम कमी, १०८०पी, ठेवतात. "एवढं महाग कार्ड घेऊन १०८०पीवर कोण खेळतं?" असं लोक चिडून विचारतात. कोणी नाही खेळत. पण ग्राफिक्स कार्डाची अडचण दूर केल्याशिवाय प्रोसेसरचा वेग उघडा पडतच नाही. मोजणाऱ्याने असंच मोजलं पाहिजे. चूक वाचणाऱ्याची होते. मधल्या दर्जाचं कार्ड आणि १४४०पीचा मॉनिटर असलेला मुलगा त्या तक्त्यात पंचवीस टक्के फरक पाहतो आणि तो आपल्या घरी येईल असं धरतो. त्याच्या घरी कार्डच धापा टाकत असतं. तिथे शंभर डॉलरचा आणि चारशे डॉलरचा प्रोसेसर बऱ्याच खेळांत शेजारी शेजारी बसतात. त्याने ते जादाचे पैसे कार्डात घातले असते तर पडद्यावर दिसले असते.

उलट्या बाजूचंही उदाहरण द्यायला हवं, नाहीतर हा लेख काटकसरीचं प्रवचन वाटेल. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या माणसाचं घ्या. सीझनमध्ये त्याचं मशीन रात्रंदिवस चालतं. नव्या प्रोसेसरने त्याची रोजची वीस मिनिटं वाचली आणि वर्षात अडीचशे दिवस काम असलं, तर पाच हजार मिनिटं, म्हणजे त्र्याऐंशी तास झाले. तो तासाचे किती घेतो याने गुणा. वीस हजार जादा एका सीझनमध्ये वसूल. आणि त्याच्या बाबतीत तक्त्यात न दिसणारी एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची ठरू शकते. आजकालचे कॅमेरे १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी या प्रकारात चित्रण करतात. ते थेट हार्डवेअरमध्ये उलगडण्याची सोय इंटेलच्या अकराव्या पिढीपासून प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्समध्ये आहे. तो भाग बंद केलेला "एफ" अक्षराचा प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, आणि गुणांच्या तक्त्यात तो तसूभरही मागे नसतो. या माणसाने तो घेतला तर वाचवलेले पैसे टाइमलाइनवर अडखळत फेडावे लागतील. डीटीपीवाल्यांनी "एफ" घेतला तर आणखी गंमत: ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय पडद्यावर काही उमटणारच नाही.

"एफ"चा विषय निघालाच आहे तर भाव ठरतो कसा, हेही बोलून टाकू, कारण पैसे वसूल या शब्दामागे बऱ्याचदा एक नैतिक शंका लपलेली असते: कंपनी मला लुटत तर नाही ना?

१९९१मध्ये इंटेलने ४८६एसएक्स काढला. सुरुवातीचे एसएक्स म्हणजे ४८६डीएक्सच होते, फक्त आतला अपूर्णांकांची गणितं करणारा भाग बंद केलेला. तो भाग नंतर हवा असेल तर ४८७एसएक्स नावाची वेगळी चिप विकत मिळे. ही चिप खरं तर अख्खा डीएक्सच होता. तो बसवला की मूळचा एसएक्स झोपी जाई आणि सगळं काम नवाच करी. २०१०मध्ये तर एका पेंटियमसाठी ५० डॉलरचं कार्ड विकलं गेलं. त्यावरचा आकडा टाकला की प्रोसेसरमध्ये आधीपासून असलेली, कुलूप घातलेली क्षमता उघडायची. लोक खवळले, योजना गुंडाळली गेली. आजही सहा कोअरच्या बहुतेक रायझनमधला सिलिकॉनचा तुकडा आठ कोअरचाच असतो. काहींत दोन कोअर खरोखर सदोष असतात, काहींत ते धडधाकट असून बंद केलेले असतात.

ज्यूल दुपुई या फ्रेंच अभियंता-अर्थतज्ज्ञाने १८४९मध्ये रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबद्दल जे लिहिलं, ते इथे चपखल बसतं. त्या डब्यांना छप्पर नसे. ते बसवायला फार खर्च आला असता म्हणून नव्हे. दुसऱ्या वर्गाचं भाडं ज्यांना परवडतं त्यांनी तिसऱ्यात बसू नये म्हणून. गरिबाला त्रास देणं हा हेतू नव्हता, श्रीमंताला घाबरवणं हा होता, आणि भिजायचा मात्र गरीबच.

हे कळल्यावर माणूस चिडतो. मीही चिडलो होतो. पण चिडण्यात दोन वेगळे प्रश्न एकात मिसळतात. कंपनीने भाव न्याय्य लावला का, हा एक. मला हव्या असलेल्या कामाला ही वस्तू या भावात परवडते का, हा दुसरा. माझ्या सहा कोअरच्या शेजारी दोन धडधाकट कोअर कुलपात आहेत, याने माझं काम हळू होत नाही. पहिल्या प्रश्नाचा राग दुसऱ्याच्या उत्तरात आणला की माणूस गरजेपेक्षा वरचा माल घेतो, "पूर्ण" मिळावा म्हणून. दुपुईच्या रेल्वे कंपनीला नेमकं हेच हवं होतं.

कधीकधी मात्र या वर्गांमधल्या कुंपणाला भोक राहून जातं. ऑगस्ट १९९८मध्ये सेलेरॉन ३००ए आला, १४९ डॉलरला. त्याच दिवशी पेंटियम टू ४५० आला, ६६९ डॉलरला. सेलेरॉनमध्ये १२८ केबी कॅश (हाताशी ठेवलेली झटपट मेमरी) प्रोसेसरच्या अंगातच, पूर्ण वेगाने चालणारी. बोर्डवर बसचा वेग ६६वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० मेगाहर्ट्झचा हा गडी ४५०वर धावायचा, आणि पुष्कळ नग काही कुरबुर न करता धावायचे. असेंबलिंगच्या धंद्यातले जुने लोक अजून त्याचं नाव जुन्या हिंदी सिनेमाच्या नटासारखं घेतात. त्या आठवणीत एक धोका आहे. तो कंपनीच्या हातून निसटलेला अपवाद होता. पुढे सेटिंगची दारं एकेक करून बंद झाली, आणि जी उघडी राहिली त्यांचे वेगळे पैसे लागायला लागले. तसा सौदा पुन्हा मिळेल या आशेने दर लाँचला रांगेत उभं राहणाऱ्यांना मी पाहिलंय.

कुंपणाला भोकं पडतात ती स्पर्धा असली की. जानेवारी २०११चा आय७-२६००के चार कोअरचा, ३१७ डॉलरला. जानेवारी २०१७चा आय७-७७००के चार कोअरचाच, ३३९ डॉलरला. सहा वर्षांत मधल्या गिऱ्हाइकाला पाचवा कोअर दिसला नाही. मार्च २०१७मध्ये एएमडीचा रायझन ७ १७०० आठ कोअर घेऊन ३२९ डॉलरला आला आणि सात महिन्यांत इंटेलला त्याच मालिकेत सहा कोअर देता आले. म्हणून एएमडी गरिबांचा कैवारी, असं पुष्कळांनी ठरवून टाकलं. जुलै २०१९मधला रायझन ५ ३६०० खरोखर १९९ डॉलरला होता. नोव्हेंबर २०२०मध्ये खेळांतही इंटेलला मागे टाकल्यावर पुढचा सहा कोअरचा, ५६००एक्स, आला तो २९९ला. सोबत स्वस्त भाऊ नव्हता. तो, साधा ५६००, एप्रिल २०२२मध्ये १९९ डॉलरला आला, म्हणजे इंटेलने आय५-१२४०० काढून बाजार पुन्हा ढवळल्यानंतर. ज्याचं पारडं हलकं असतं तो उदार असतो. गिऱ्हाइकाने एखाद्या कंपनीचा भक्त होण्यात मला एवढंच हसू येतं की देवच दर दोन वर्षांनी गाभारा बदलतो.

नव्या मालाची तुलना कशाशी केली जाते, हेही पाहायला हवं. ऑगस्ट २०२४मध्ये रायझन ७ ९७००एक्स ३५९ डॉलरला आला आणि जाहिरातीत सांगितलं गेलं की आधीचा ७७००एक्स आला तेव्हा ३९९ला होता. म्हणजे चाळीस डॉलरची बचत. कोणाची? ७७००एक्स त्या दिवशी दुकानात ३९९ला नव्हताच. दोन वर्षांत तो बराच उतरला होता, आणि खेळांमध्ये नवा त्याच्या फार पुढे नव्हता. लाँचच्या भावाशी लाँचचा भाव लावणं म्हणजे यंदाच्या पहिल्या पेटीच्या हापूसची तुलना गेल्या वर्षीच्या पहिल्या पेटीशी करणं. मे महिन्यात शेजारच्या हातगाडीवर भाव काय आहे, ते कोणी बोलायचं? त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेली इंटेलची कोअर अल्ट्रा मालिका तर वीज कमी घेत होती खरी, पण अनेक खेळांत ती स्वतःच्याच आधीच्या पिढीच्या मागे पडली, आणि तिला बोर्डही नवा लागत होता.

मुदतीचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण खरेदीच्या दिवशी त्याचं उत्तर जगात कोणालाच माहीत नसतं. जानेवारी २०१७मध्ये ज्याने आय७-७७००के आणि त्याचा उत्तम बोर्ड घेतला, त्याचं काय झालं पाहा. ऑक्टोबरात सहा कोअरचा ८७००के आला. सॉकेटचं नाव तेच, एलजीए ११५१. बोर्ड मात्र नवाच घ्यावा लागला. जुन्या बोर्डवर तो चालणार नाही असं कंपनीने ठरवलं होतं. पुढे २०२१मध्ये विंडोज ११ आलं आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि रायझन २०००पासून पुढचे प्रोसेसर बसले. ७७००के बाहेर. गंमत म्हणजे त्याचा प्रतिस्पर्धी, २०१७चा रायझन, तोही बाहेर. पण त्या रायझनच्या मालकाला एक वाट होती: तोच एएम४ बोर्ड ठेवायचा, बायॉस बदलायचा आणि २०२२चा ५८००एक्स३डी बसवायचा, जो खेळांत त्या वर्षीच्या सर्वोत्तमांपैकी होता. पाच वर्षांनी त्याच सॉकेटमध्ये.

हे ऐकून "बोर्डाचं आयुष्य पाहून प्रोसेसर घ्या" असा सोपा नियम करावासा वाटतो. मी तो करत नाही. २०२०मध्ये एएमडीनेच आधी सांगितलं होतं की पुढचे प्रोसेसर बी४५० आणि एक्स४७० बोर्डांवर चालणार नाहीत. गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केल्यावर काही दिवसांत निर्णय फिरवला. म्हणजे ज्याला आपण दूरदृष्टीची खरेदी म्हणतो त्यात निम्मं नशीब होतं. तेराव्या-चौदाव्या पिढीचे महागडे इंटेल प्रोसेसर घेणाऱ्यांचं नशीब उलट निघालं. चाचण्यांत ते अव्वल होते. २०२४मध्ये उघड झालं की जादा व्होल्टेजमुळे त्यांतले काही झिजत होते आणि मशीन बंद पडत होती. कंपनीने मायक्रोकोड सुधारला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. लाँचच्या दिवशीच्या एकाही पट्टीत हे दिसणं शक्य नव्हतं. म्हणून मी सहसा सांगतो की नव्याला वर्षभर बाजारात राहू द्या. भाव उतरतो, दोष बाहेर येतात, बोर्ड स्वस्त होतात. बिनबिलाचा, डब्याशिवायचा "ट्रे" माल हजार रुपयांनी स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. बॉक्सवरची तीन वर्षांची वॉरंटी त्या हजाराच्या बदल्यात जाते.

सोसायटीतल्या मुलाला मी हे सगळं सांगितलं नाही. त्याला विचारलं, करणार काय त्यावर? "कोडिंग," तो म्हणाला, मग जरा थांबून, "आणि गेमिंग." आपल्याकडे हौस उघड सांगायची पद्धत नाही; ती अभ्यासाच्या पिशवीत घालून आणावी लागते. दुसऱ्या वर्षाच्या कोडिंगला पाच वर्षांपूर्वीचाही प्रोसेसर पुरतो, हे त्यालाही माहीत होतं. म्हटलं, हौस म्हण ना सरळ. हौसेला मोल नाही; मग तिच्या नावाने वसुलीचा तक्ताही दाखवू नकोस. बाबांना सांग, मला हे आवडतं, एवढे पैसे आहेत, त्यातले जास्तीत जास्त ग्राफिक्स कार्डात घालतो आणि प्रोसेसर मागच्या पिढीतला घेतो. हा सौदा बाबांशी लवकर जमतो, असा माझा अनुभव आहे.

डीटीपीवाले गेल्या डिसेंबरात पुन्हा आले. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला होता, त्यांचा सातव्या पिढीचा आय३ विंडोज ११च्या यादीत नव्हता, आणि बँकेचं संकेतस्थळ रोज काहीतरी इशारे देत होतं. हातात कोटेशन. प्रोसेसर नवा, ताज्या पिढीचा, त्याच्यापुढचा आकडा खरोखर वाजवी. त्याखाली बोर्ड. त्याखाली ३२ जीबी डीडीआर५ रॅम, आणि तिच्यापुढचा आकडा प्रोसेसरपेक्षा मोठा. एआयच्या डेटा सेंटरनी जगभरची मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून रॅमचे भाव काही महिन्यांत कुठल्या कुठे गेले होते. ते म्हणाले, "दुकानदार म्हणतो प्रोसेसर एकदम पैसे वसूल आहे."

आम्ही कोटेशन उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: एएम४ बोर्ड, रायझन ५ ५६००जी. २०२१चा माल, अंगचे ग्राफिक्स असलेला, विंडोज ११च्या यादीत बसणारा, आणि मुख्य म्हणजे डीडीआर४ चालवणारा. जुनी एसएसडी तीच, एसएमपीएस तोच, कॅबिनेट तेच. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुकानात जुना बोर्ड काढला तेव्हा आठ-आठ जीबीच्या दोन रॅमच्या पट्ट्या आठ वर्षांच्या धुळीसकट हातात आल्या. डीटीपीवाल्यांनी ड्रॉवरमधून खोडरबर काढला, पत्रिकांच्या नमुन्यांवर एक जुना कागद पसरला, आणि एकेका पट्टीचे सोनेरी दात सावकाश घासायला बसले.